गोठ्याच्या जागी

थेल्मा आणि तिचा थोरला भाऊ क्लाइव्ह बऱ्याच वर्षांनी ससेक्समधल्या त्या इस्टेटीवर आले होते. त्यांचे वडील तिथे शीळ घालत गाईंचं दूध काढायचे आणि एके दिवशी गोठ्यातच वारले. पुढे मालकांनी शेती बंद करून सगळी जमीन रानाला सोडून दिली. आता तिथे लांब शिंगांच्या गाई मोकळ्या हिंडत होत्या. त्यांच्या सडांना माणसाचा हात कधी लागलाच नव्हता.

गोठ्याच्या जागी काटेरी झुडपं माजली होती. दुपार कलली तशा गाई झाडीतून आल्या आणि झुडपांकडे तोंड करून ओळीने उभ्या राहिल्या. दूध काढायची हीच वेळ.

"सावलीला आल्या असतील," क्लाइव्ह म्हणाला.

"ऊन कुठंय, क्लाइव्ह?"

त्याचा चेहरा उतरला. "चल, गाडीत बसू."

थेल्मा मात्र पुढे झाली. झुडपांतून वडिलांची हलकी शीळ येत होती. तिला भीती वाटली, पण त्याहून जास्त कळवळा आला.

"डॅड," ती हळूच म्हणाली, "काम झालं सगळं. दमलात, निजा आता."

शीळ थांबली. गाईंनी माना वळवल्या आणि त्या सावकाश रानात निघून गेल्या.

मागे क्लाइव्हने टोपी काढली होती. "मलाही ऐकू आली," तो म्हणाला.