तुटक्या करंगळीचा सूर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेच्या पेटीत व्हायोलिन, शेजारी आडवा पडलेला गज. नादबाबांनी डोळे मिटले आणि व्हायोलिन आपोआप वाजू लागलं. चारशे माणसांनी हात जोडले.

"गेलेली माणसं बोलत नाहीत, वाजवतात," बाबा म्हणाले. "पण औषधांनी बधिर झालेल्या कानांना ते ऐकू येत नाही."

पहिल्या रांगेतल्या विधवेने एवढ्यासाठीच महिनाभर इन्सुलिन टोचलं नव्हतं. शेजारी बसलेली तिची नणंद व्हायोलिनं दुरुस्त करायची. गेलेल्या भावाची वाजवण्याची ढब ऐकून तिच्याही अंगावर काटा आला. पण वहिनीच्या पायाच्या बोटाची जखम काळी पडत चालली होती. घरी तिने परोपरीने समजावलं. तुम्हाला भाऊ नकोसा झालाय, एवढंच उत्तर मिळालं.

बाबांचे शिष्य मृतांची जुनी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घेत. आत्म्याला पेनड्राइव्ह कशाला, हे कुणी विचारत नसे. नणंदेने त्यांच्यापुढे डोळे पुसत थाप मारली, की भावाची करंगळी तुटली होती, त्यामुळे वरचा सूर खरखरायचा.

पुढच्या रविवारी वरचा सूर खरखरला.

"ऐका, तुटक्या करंगळीचं दुःख," बाबा म्हणाले. लोक हुंदके देऊ लागले. वहिनीचा चेहरा पांढरा पडला.

"यांची दहाही बोटं शेवटपर्यंत धड होती," ती पुटपुटली.

नणंद उठून थेट पडद्यामागे गेली. तिथे कॉम्प्युटर होता. तारेचा ताण, गजाचा दाब, लाकडाचा घुमारा, सगळं आकड्यांत मांडून सूर घडवणारा प्रोग्रॅम; भावाची ढब रेकॉर्डिंगवरून उचललेली. स्क्रीनवर एक पट्टी होती: खरखर. तिने ती माऊसने खाली ओढली, सूर स्वच्छ झाला. वर ढकलली, खरखरला. मग बाहेर येऊन तिने काचेची पेटी उघडली आणि व्हायोलिनच्या पोटातला स्पीकर सगळ्यांना दाखवला.

बाबा शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही हिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलंत." कितीतरी माना डोलल्या. मागून एकाने विचारलं, आमचा नंबर आज लागेल ना?

सोमवारी वहिनीचा पाय गुडघ्याखाली कापला. पंधरा दिवस आधी आणलं असतं तर एका बोटावर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर वहिनी म्हणाली, "आमचे हे इतकं सुरेल कधीच वाजवत नव्हते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण विचारलं असतं तर वाजणं थांबलं असतं."

म्हणून सांगायचं, विचारा. थांबलं तर थांबू द्या. प्रश्न विचारताच जे बंद पडतं, त्याच्यासाठी पाय गमवावा असं त्यात काहीही नसतं.