गाडीवरचा बोजा

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माई गाडी चालवायला शिकली ती काही हौसेने नव्हे. मोठ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि आठवड्यातून तीनदा त्याला व्यायामाला न्यायचं काम तिच्या गळ्यात आलं. चाकांची खुर्ची दिसली की टॅक्सीवाले वेग वाढवत. थांबलाच एखादा, तर खुर्ची घडी करून डिकीत ठेवेपर्यंत त्याचा चेहरा असा होई, की जणू माई त्याच्या गाडीत म्हैस चढवतेय.

एका मोठ्या रुग्णालयाचं कपड्यांचं कोठार माईकडे होतं. धुऊन आलेल्या चादरी आणि अभ्रे मोजून घ्यायचे, फाटलेले बाजूला काढायचे, वॉर्डावॉर्डांत पाठवायचे. सव्वीस वर्षं हेच. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं, बाकी डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती माई. तिने लग्न केलं नव्हतं, आणि वहिनी गेल्यापासून दादालाही दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे दोघांना दोघंच.

रुग्णालयाच्या फलकावर तिने चिठ्ठी पाहिली: घरगुती वापरातली गाडी विकणे आहे. विकणाऱ्याचं मागच्याच गल्लीत चष्म्यांचं दुकान होतं. पन्नाशीचा, हळू बोलणारा गृहस्थ. बोलताना हातातली काच पुसत राहायचा, ती स्वच्छ असली तरी. गाडीची मागची दारं चांगली रुंद उघडत होती आणि सीट दादाला सरकून बसता येईल अशा उंचीची होती. माईला तेवढंच बघायचं होतं. बाकीचं तिच्या गॅरेजवाल्या मावसभावाने बघितलं. इंजिन ठणठणीत आहे म्हणाला, पण मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस, असं दोनदा बजावूनही गेला.

पैसे द्यायच्या दिवशी कोठारात दोघीजणी रजेवर होत्या. माई सकाळी सहापासून उभी होती. चष्मेवाल्याने कागदांची झेरॉक्स पुढे केली आणि मूळ कागद नाव बदलायला एजंटकडे दिलेत, पंधरवड्यात येतील, असं सांगितलं. झेरॉक्सवर कर्जाची ओळ होती तिथे नेमकी शाई फिकी झालेली होती. माईने डोळे बारीक करून बघितलं नाही. तिला कुठेतरी बसायचं होतं, बस्स. सही केली, आयुष्यभराची शिल्लक मोजून दिली आणि किल्ली घेतली. पुढे ती स्वतःलाच म्हणायची, त्या दिवशी पाय दुखत नसते तर एवढं दुखलं नसतं.

आठ आठवडे गाडी चालली. दादा दांडा धरून उभा राहायला लागला. कागदांचं विचारलं की चष्मेवाला फोनवर आज-उद्या करत होता.

मग एका दुपारी रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये दोन माणसं तिच्या गाडीपाशी उभी दिसली. कर्ज देणाऱ्या कंपनीची होती. गाडीवर बोजा होता आणि चौदा महिन्यांचे हप्ते थकले होते. कागदावर चष्मेवाल्याचं नाव आणि गाडीचा नंबर, दोन्ही स्वच्छ छापलेले होते. माईने गाडी आपण विकत घेतल्याचं सांगितलं. दोघांतल्या थोराडाला सर्दी झाली होती. तो नाक पुसत म्हणाला, "बाई, रोज कुणीतरी आमच्याशी भांडतं. तुम्ही भांडणार नसाल तर आम्ही तुमचं सामान काढून देतो."

माईमध्ये भांडायचं त्राण नव्हतं. त्यांनी खुर्ची काढली, उलगडून ठेवली, तिच्यावर उशी आणि पाण्याची बाटली ठेवली, आणि गाडी घेऊन गेले. रिकाम्या जागेत माई थोडा वेळ उभी राहिली. मग बाटली मांडीवर घेऊन ती दादाच्या खुर्चीत बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाट करून दिली. नुकतीच कामावर लागलेली एक नर्स तर विचारू लागली, कोणत्या वॉर्डात सोडू.

कंपनीच्या ऑफिसात काउंटरवरचा साहेब वाईट नव्हता. पण कर्ज तिच्या नावावर नाही, त्यामुळे तिच्याशी बोलताच येत नाही, असं त्याने नम्रपणे तीनदा सांगितलं. ज्याने कर्ज घेतलं त्याने स्वतः येऊन बाकी भरावी, नाहीतर पंधरा दिवसांनी लिलाव. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि असल्या प्रकरणात वर्षं जातात हेही ऐकवलं. वर्षं कुणाजवळ होती? दादाचा पाय आता चालवला तर चालणार होता.

मग माई चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मेवाल्याने मान खाली घातली आणि उद्या येतो म्हणाला. तो उद्या उजाडलाच नाही. म्हणून माईने दुसरा मार्ग धरला. काम सुटलं की दादाला शेजारच्या बाईंच्या हवाली करायचं, दुकानात जायचं आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून राहायचं. ती ओरडत नव्हती, कुणाला काही सांगतही नव्हती. नुसती बसायची. घरी बसण्यापेक्षा ती खुर्ची बरी होती, पाठीला टेकू होता.

गिऱ्हाइकांना वाटे ही डोळे तपासायला आली आहे. एका बाईने दोन चष्मे डोळ्यांवर चढवून तिचं मत विचारलं. माई म्हणाली, "तो काळा नको, सगळा चेहरा खातोय." बाईने दुसरा घेतला. चार दिवसांत तिच्या सल्ल्याने तीन चष्मे खपले. चष्मेवाला पैसे घेताना तिच्याकडे बघत नसे.

सहाव्या दिवशी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं, बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि चष्मेवाला समोरच्या स्टुलावर बसला होता. शेजारी पाण्याचा ग्लास. दुकान बंद करायची वेळ होऊन तास झाला होता, पण त्याने तिला उठवलं नव्हतं.

मग तो बोलला. तिच्या पैशातून आधी कर्जच फेडायचं ठरवलं होतं. पण दुकानाचं भाडं वर्षभर तुंबलेलं, मालक टाळं लावायला आलेला; पैसे तिकडे गेले. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला, असं म्हणाला. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडी का विकली म्हणून तिने विचारलं, तेव्हा पेट्रोल परवडत नाही असं त्याने ठोकून दिलं होतं.

माई पाणी प्यायली. "मला तुमची कहाणी नको," ती म्हणाली. "मला वाईट वाटेल, आणि तेवढी ताकद माझ्यात उरलेली नाही. आज घरी जाऊन बायकोला सांगा. उद्या साडेदहाला कंपनीच्या दारात या."

"नाही आलो तर?"

"तर मी इथेच येईन. मला कुठे दुसरीकडे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी तो आला, आणि बरोबर बायकोही. ती उंच, हाडकुळी बाई होती. डोळे सुजलेले होते, पण केस चापूनचोपून बांधलेले. तिने नमस्कार केला नाही, माफीही मागितली नाही. पर्समधून पाकीट काढून साहेबापुढे ठेवलं. रातोरात तिने भावाकडून पैसे उचलले होते, शिवाय हातातल्या दोन बांगड्या नव्हत्या. मनगटावर त्यांची फिकी खूण तेवढी होती. साहेबाने हिशोब केला. दंड धरून एक तृतीयांश कमी पडत होते.

चष्मेवाला खिशातला रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसू लागला. माई मनात हिशोब करत होती. भरले नाहीत तर दिलेले सगळे बुडणार. भरले तर एकच गाडी दीडपट किमतीला पडणार. हे म्हणजे आपल्याच घरात आपणच भाडं भरून राहायचं. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले काही पैसे तिने दादाच्या लुळ्या पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यासाठी ठेवले होते. ते तिने भरले.

बायकोने साहेबाकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: इतके देणे लागते, दर महिन्याला इतके देईन. खाली स्वतःची सही केली.

"यांच्या शब्दावर जाऊ नका," ती माईला म्हणाली. "माझ्या शब्दावर जा."

चष्मेवाला तिथेच होता. त्याने ते ऐकलं आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

गाडी परत मिळाली तेव्हा बॅटरी बसलेली होती आणि डाव्या बाजूचा आरसा फुटला होता. मावसभावाने आरसा फुकट बसवला आणि दोन शब्दही फुकट ऐकवले. बोजा उतरल्याचा दाखला यायला महिना लागला, नावावर व्हायला आणखी एक. पायाचा पट्टा तीन महिने लांबला. चष्मेवाल्याची बायको मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोठाराच्या खिडकीशी येते, पाकीट देते, माई कागदावर सही करते. एकदा ती दहा दिवस उशिरा आली आणि कारण सांगायला लागली. माईने हाताने थांबवलं. रागवायलाही अंगात बळ लागतं, आणि चादरींचा ढीग समोर पडला होता.

हे सगळं दादाला तिने कळू दिलं नव्हतं. गाडी दुरुस्तीला दिलीय, इतकंच सांगितलं होतं. पण मावसभावाच्या पोटात काही राहत नाही. गाडी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला दादा मागच्या सीटवरून बोलला. झटक्यानंतर त्याचे शब्द एकेक करून येत.

"महाग... पडली."

"पडली," माई म्हणाली.

"परत... दे."

"कुणाला देऊ?"

दादा अर्ध्या चेहऱ्याने हसला. माईलाही हसू आलं, पण सिग्नल सुटला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता. तिने गिअर टाकला. व्यायामाच्या केंद्राच्या दारात पायरीजवळ गाडी लावली, खुर्ची काढली, उलगडली. दादाने खुर्चीकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला. माईने त्याला धरलं. पायरीपासून दरवाजापर्यंत अकरा पावलं होती. ती दोघं चालायला लागली, आणि रिकामी खुर्ची गाडीजवळच राहिली, कारण ती ढकलायला माईचा एकही हात मोकळा नव्हता.