पहिल्या पानावरचा चोर

विजीला राग आला की आधी हात चालायचा, डोकं मागनं यायचं. आठवीत मास्तरांनी फेकून मारलेला खडू तिनं परत फेकला आन् शाळा सुटली ती कायमची. वाचायचं येड मात्र सुटलं न्हाई. तासगावच्या वाचनालयात दर म्हैन्याला सांगलीहनं पुस्तकांची पेटी यायची. त्यातल्या एका पोरांच्या रहस्यकथेचा तिनं दोन दिसांत फडशा पाडला.

आन् शेवटाला अशी भडकली की विचारू नका. चाळिसाव्या पानावर गोष्टीतल्या बापूचा हात मोडून पलिस्तरात, आन् साठाव्या पानावर त्योच बापू पुराची नदी पवून पार. चोर तर आपणहूनच कबूल झाला. विजीनं पेन काढलं, पहिल्या पानावर ठळक लिवलं, ‘चोर कंपौंडर हाय. उगं वाचत बसू नका.’ आन् पुस्तक परत देऊन आली.

पण त्यातली माणसं काय डोक्यातनं हलंनात. बागेत द्राक्षाचे घड विरळताना सोनूमावशी आठवायची, पोरांना शिव्या घालत पदराखालनं भाकरी काढणारी. अंधाराला भिणारी, तरी सगळ्यात पुढं चालणारी इंदू आठवायची. शाळेतली मैतरीण गुणमाला पाय मोडून खाटेवर पडली होती. विजी रोज तिच्याकडं जाऊन मावशीची नक्कल करायची.

“चोर कोण ते सांगू नगंस,” एक दिस गुणमाला म्हणाली. “आण्णांना त्येच पुस्तक आणाय धाडलंय. दीड म्हैना झाला, नुसती कौलं मोजतीय मी.”

विजीला पहिल्या पानावर लिवलेलं आठवलं. कायतरी निमित्त सांगून ती वाचनालयात पळाली.

“आत्ताच नेलं की गुणमालाच्या वडलांनी,” पुस्तकं देणारे भाऊसो म्हणाले. “तू तर वाचलंस न्हवं?”

दोन दिस तिचं पाऊल तिकडं वळलं न्हाई. तिसऱ्या दिशी गेली, तर पुस्तक गुणमालाच्या छातीवर पालथं.

“झालं वाचून?”

“व्हय. चोर पैल्याच पानावर घावला,” गुणमाला म्हणाली. “तरी परत वाचतीय, मावशीसाठी. ते बापूचं पवणं तर निव्वळ थाप हाय. आन् आई म्हणती, असं लिवणाऱ्याचे हात मोडाय पायजेत.”

व्हय म्हणून हसली असती तर सुटली असती. पण विजीचे कान तापले.

“मीच लिवलंय गं ते.”

“ठावं हाय. सात वर्सं एका बाकावर बसलीय, तुझं अक्षर वळखू येत न्हाई व्हय मला?”

“मग आईला सांगितलं न्हाईस?”

“न्हाई.”

तिनं थोबाडीत दिली असती तर बरं, असं विजीला झालं. मान वर करवंना.

“वाच आता मोठ्यानं,” गुणमालानं पुस्तक पुढं केलं. “मावशीचं पान काढ.”

विजीनं पान काढलं. मावशी पोरांना शिव्या घालत होती. त्या सगळ्या आपल्यालाच हायत असं विजीला वाटलं, पण तिनं त्यातली एकबी गाळली न्हाई.