शून्याच्या रेघेखाली

मित्रांनो, माझ्या काचेच्या नळीवर तळाशी शून्याची बारीक रेघ आहे. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटते. मी दवाखान्यातला जुना रक्तदाबमापक, पाऱ्याचा. पत्र्याची पेटी, उभी नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि रबरी फुगा, एवढाच माझा संसार.

वॉर्डात सगळ्यांचा माझ्यावर भरवसा होता. हा कधी खोटे बोलायचा नाही, असे थोरले डॉक्टर सांगत. फुगणे हे पट्ट्याचे काम, पण तेव्हा मीच फुगत असे.

एका वर्षी त्यांनी एक तुलना करायला घेतली. रक्तदाब फार चढला की तो लवकर उतरवायचे औषध देतात. पण फार झपाट्याने उतरला तरी धोका असतो. म्हणून कमी मात्रा पुरते की जास्त लागते, ते पाहायचे होते. डाव्या रांगेतल्या खाटांना कमी, उजव्या रांगेला जास्त. अर्ध्या तासात वरचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली आला नाही, तर दुसरी मात्रा द्यायची. डाव्या रांगेला मी होतो, उजव्या रांगेला नवा मापक.

त्याच आठवड्यात मी स्टुलावरून पडलो. थोडा पारा सांडला. काच शाबूत होती, म्हणून मला पुन्हा कामाला लावले. दुसऱ्या दिवशी मला पुसताना सफाईच्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, याचा पारा रेघेखाली बसलाय. रोज रेघेवर असतो."

"मावशी, आता राउंडही तुम्हीच घ्या," सिस्टर म्हणाल्या. सगळे हसले. मावशींनी फडके झटकले आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

पडल्यापासूनच मी प्रत्येकाचा आकडा अठराने कमी सांगत होतो. डावी रांग भराभर उतरू लागली. कमी मात्राच पुरते, म्हणून डॉक्टर खूश झाले. माझेही कौतुक झाले, आणि मला ते आवडले.

मग तीन नंबरच्या खाटेवर एक काकू आल्या. त्या कपडे शिवत. औषधानंतर अर्ध्या तासाने मी एकशे बहात्तर सांगितले. खरे होते एकशे नव्वद.

"डोकं अजून ठणकतंय हो," काकू म्हणाल्या.

आकडा उतरलाय, थांबेल हळूहळू, असे धाकटे डॉक्टर म्हणाले. दुसरी मात्रा दिली नाही. दुपारी काकूंच्या हातातून पाण्याचा पेला सुटला. कात्री धरणारा तो उजवा हात पुन्हा उचलेना.

थोरल्या डॉक्टरांनी काकूंचा रक्तदाब नव्या मापकावर मोजला, मग माझ्यावर. मग वाकून माझी रेघ पाहिली. मावशींनी सांगितले होते, हे सिस्टरनी मान खाली घालून कबूल केले. दुसऱ्या मात्रेने हात वाचला असता का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण ती द्यायला हवी होती. त्यांनी माझ्या सगळ्या नोंदींवर काट मारली आणि काकूंना चूक सांगितली.

काकू डाव्या हाताने चादरीची सुरकुती सारखी करत राहिल्या. "मी सांगत होते की," एवढेच म्हणाल्या.

आता मी शिकाऊ नर्सच्या वर्गात असतो. त्याच सिस्टर मुलींना वाकून आधी माझी रेघ पाहायला लावतात. मित्रांनो, माझ्यासारख्याचे ऐकण्याआधी त्याला तपासा. आणि समोरचे माणूस दुखतंय म्हणाले, तर आकडा काहीही असो, त्याच्याजवळ थांबा.

मावशी अजून मला पुसतात. रेघेपाशी त्यांचे फडके क्षणभर थांबते.