भाडोत्री आरोळी

मित्रांनो, देवळातल्या घंटा ज्या दिवशी मुक्या करतात, त्या दिवशी मला बोलायला लावतात. मी एक जुनी मात्राक आहे. मूठ असलेली एक फळी, आणि तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्यांनी अडकवलेली दोन लाकडी पाती, एवढाच माझा देह. मूठ धरून हलवले की पाती फळीवर आपटतात आणि कोरडा, कानाला न रुचणारा खटखटाट होतो. ख्रिस्ताच्या मरणाच्या आठवड्यात गुरुवारपासून शनिवारपर्यंत घंटेचा नाद वर्ज्य असतो. त्या दिवसांत लोकांना प्रार्थनेला बोलावण्याचे काम माझे. उरलेले वर्ष मी खुंटीवर असते. सुखाच्या दिवसांत कोणाला माझी आठवण होत नाही, याचे मला दुःख नाही. सुखाच्या दिवसांत ही माणसे काय बोलतात ते मी ऐकलेले आहे.

माझा जन्म सुप्याच्या रानातला. ज्या ऐनाच्या झाडाची मी, ते आगगाडीच्या रुळांखाली घालण्यासाठी तोडले होते. ओंडक्यात गाठ निघाली. रेल्वेच्या साहेबाने त्यावर खडूने फुली मारली. ते नाकारलेले लाकूड वखारीच्या मालकाने मोठ्या भक्तिभावाने देवळाला अर्पण केले, आणि खानापूरकडच्या गोपाळ सुताराने त्यातून मला घडवले. आगगाडीला नको असलेली वस्तू देवाला चालते, हा धर्मशास्त्राचा पहिला धडा मी रंध्याखालीच शिकले.

या मालकाचे नाव कायतान. सारे त्यांना पात्रांव, म्हणजे धनी, म्हणत. कॅसलरॉकच्या खालच्या अंगाला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या कडेला हे लहानसे कपेल, म्हणजे छोटे ख्रिस्ती देऊळ. विसावे शतक उजाडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. वेदीमागच्या खोलीत, खिडकीशेजारी माझी खुंटी. खोलीचे दार देवळात उघडे, खिडकी अंगणात. त्यामुळे आत जे वाचले जाई ते मी ऐकले, आणि बाहेर जे बोलले जाई तेही ऐकले. पंडित होण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

माझे खरे शिक्षण कोरेज्मात झाले. ईस्टरच्या सणाआधी मनाची तयारी करण्यासाठी जो चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात, त्याला इकडे कोरेज्म म्हणतात. या दिवसांत मूर्तींवर जांभळे कापड घालतात, गाणी थांबवतात आणि शास्त्र ऐकतात. उपवास म्हणजे मान खाली घालून बसणे नव्हे, अडकलेल्याला सोडवणे आणि भुकेल्याला आपल्या ताटातले देणे, असे एका संदेष्ट्याने फार कडक शब्दांत सांगून ठेवले आहे. मंडळी ते डोळे मिटून ऐकत. मग घरी जात. मांस वर्ज्य म्हणून मार्मागोव्याच्या गाडीने आलेल्या इसवण माशाचे कालवण रांधत, आणि एवढा कठोर उपवास आपल्याला झेपला याबद्दल देवाचे आभार मानत.

कोरेज्मातल्या दर रविवारी दुपारी ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा थोडी थोडी वाचत, आणि त्याच्या मरणाच्या शुक्रवारी ती संपूर्ण होई. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. ही कथा मात्र मराठीत वाचत, कारण गोव्याची, बेळगावची, खानापूरची अशी सारी मंडळी तिथे जमलेली. वाचनात पात्रे असत. ख्रिस्ताचे शब्द पाद्रीबाबा वाचत. कथेचे निवेदन स्टेशनातले तारमास्तर इनास करत. ख्रिस्ताचा न्याय करणारा सुभेदार पिलात याचे शब्द पात्रांवांकडे होते. त्यांच्यासाठी खुर्ची मांडत, आणि ‘ह्याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही’ असे म्हणून पिलात हात धुतो, त्या प्रसंगासाठी पितळी तस्त ठेवत. ‘त्याला क्रुसावर चढवा’ असे ओरडणारा जमाव उरला. तो जमाव मंडळींनी व्हायचे होते.

एका वर्षी मंडळी तसा जमाव झालीही. त्या पावसाळ्यात वस्तीत तापाची साथ आली, आणि जे ओरडले त्यांनाच ताप चढला, असा शोध कोणीतरी लावला. खरे तर ताप सर्वांनाच आला होता. पण नसलेल्या पुराव्यावर एवढी दृढ श्रद्धा मी त्या देवळात दुसऱ्या कशावरही पाहिली नाही. ते पाप जिभेवर घ्यायला पुढच्या वर्षी कोणी तयार होईना. तेव्हा पात्रांवांना युक्ती सुचली. वखारीत बाजारकुणंगकडचे कुणबी ओंडके ओढायला होते. त्यांना त्यांनी अंगणात उभे केले.

“शिमग्यात बोंब मारता ना रे? तीच इथं मारायची. मात्राक वाजली की म्हणायचं, क्रुसावर चढवा त्याला! आणि नारळ घेऊन जायचं.”

“ढोल न्हाई व्हय, पात्रांव?” त्यांच्यातला थट्टेखोर गुणा म्हणाला.

“ढोल नाही. दुःखाचे दिवस आहेत हे.”

“मग पान-तंबाखू तरी असू द्या की. कोरड्या नरड्यानं दुःख कसं व्हायचं?”

तंबाखू मिळाली, आणि आरोळी झकास झाली. मंडळी मनापासून रडली. नंतर बायकांनी अंगणात, ते जिथे उभे होते तिथे, पवित्र पाणी शिंपडले. पुढे हा पायंडाच पडला. देवाला मारण्याचे कामही मजुरीवर देता येते, हे सिद्ध झाले होते.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचे आहे, त्या वर्षी त्या जमावात लखू नावाचा तरणा गडी नवा आला होता. डोंगरउतारावर राब जाळून नाचणी पिकवण्याची त्याच्या लोकांची पिढीजात रीत सरकारने बंद केली होती. रान राखीव झाले होते. आता वखारीतली मजुरी हीच त्याची शेती, आणि वखारीच्या कुंपणातली झोपडी हेच घर. दोन्ही पात्रांवांच्या शब्दावर टिकलेले. त्याची बायको गिरजा पोटुशी होती. म्हणजे मित्रांनो, तोंड उघडताना ज्याने शंभरदा विचार करावा, अशी त्याची परिस्थिती होती. त्याने आरोळीसाठी तोंड उघडले नाही, हाच पुढे गुन्हा ठरला.

शुक्रवारी चूक होऊ नये म्हणून या गड्यांना रविवारच्या वाचनालाही अंगणात बसवून ठेवत. इतर जण डुलक्या घेत. लखू ऐके. आत बाकांवर बसलेल्यांना कथा पाठ होती, त्यामुळे ती ऐकण्याची गरज त्यांना फार वर्षांत भासली नव्हती. लखूला शेवट ठाऊक नव्हता. एवढ्या लोकांनी मिळून एका माणसाला मारायचे, तर त्याचा अपराध मोठाच असणार, आणि तो केव्हा ना केव्हा सांगतीलच, म्हणून तो वाट पाहत होता.

पहिल्या रविवारी ख्रिस्ताने सोबत्यांचे पाय धुतले. वाचन संपल्यावर इनास मास्तर विडी ओढायला बाहेर आले, तेव्हा लखूने विचारले, “मास्तर, ह्यानं केलंय काय?”

“पुढे आहे.”

दुसऱ्या रविवारी शिपाई धरायला आले, झटापटीत एकाचा कान तुटला, आणि ख्रिस्ताने तो बरा केला.

“मास्तर, धरायला आलेल्याचाच कान जोडून दिला? ह्यो तर वैदूच की! मग गुन्हा कोंचा?”

“अरे पुढे आहे. तो स्वतःला राजा म्हणाला, असं त्यांचं म्हणणं.”

“म्हणू दे की. आमचा गुणा दर शिमग्याला राजा हुतो. त्येला कोन मारतंय?”

“मारत न्हाईत, पर तंबाखूबी देत न्हाईत,” गुणा मध्येच म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. ते सज्जन होते, आणि सज्जन माणसाला नेमके ठिकाण टोचले की तो करतो तेच त्यांनी केले. विडी विझवली. “ते तुला नको, लखू. तू आपला खुणेवर ओरड.”

रविवारामागून रविवार गेले. मित्र पळाले, ओळखदेख नाकारली, साक्षीदारांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. अपराध काही वाचण्यात येईना. शुक्रवारी दुपारी गिरजा नवऱ्याला अंगणापर्यंत सोडायला आली, तेव्हाचे त्यांचे बोलणे मी ऐकले.

“नारळ घ्यायचा आन् वरडायचं. तुझं काय जातंय? शिमग्यात काय कमी वरडतोस?”

“शिमग्यात कुणाला मारा म्हणून न्हाई वरडत.”

“आन् पात्रांव रागावला तर? ह्या दिसांत कुठं जायाचं मी?”

लखू अंगणात इतर गड्यांत जाऊन उभा राहिला.

देऊळ गच्च भरले होते. इनास मास्तरांच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात मी. पात्रांव खुर्चीवर. दारे उघडी, बाहेर उन्हात गडी उभे. कथा न्यायासनापाशी आली. पात्रांवांनी घसा साफ करून भारदस्त आवाजात पिलाताचा प्रश्न विचारला, “का? ह्याने कोणता अपराध केला आहे?”

मास्तरांनी मला हलवले. मी खटखटले.

बाहेर आरोळी उठली नाही. गड्यांच्या माना लखूकडे वळल्या, आणि लखू दाराकडे तोंड करून अगदी साध्या आवाजात म्हणाला, “व्हय पात्रांव, त्येच म्या कवाधरनं इचारतोय. कुणी सांगंना.”

मास्तर गडबडले. त्यांनी पुढची ओळ वाचली, “तेव्हा लोक अधिकच मोठ्याने ओरडू लागले.” बाहेर कावळासुद्धा ओरडला नाही. त्यांनी ओळ पुन्हा वाचली आणि मला पुन्हा हलवले. माझ्या आयुष्यात माझा आवाज मला इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता.

“ओरडा रे!” पात्रांव खुर्चीवरून अर्धे उठले. “सुम्म गप्प उभे काय राहिलात?”

“केलंय काय त्यानं, सांगा की पात्रांव. सांगा, मग वरडतो.”

“विचारणारा तू कोण?”

हे शब्द संहितेत नव्हते. पण पिलाताची भूमिका इतक्या पूर्णत्वाने वठलेली मी पुन्हा पाहिली नाही. मग पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “काढा त्याला!” दुसऱ्या बाकाने उचलले, “हाकला! बाहेर काढा त्याला!” बघता बघता सारे देऊळ उभे राहून ओरडू लागले. बायका, म्हातारे, त्या ईस्टरला पहिल्यांदाच पवित्र भाकर घेणार असलेली चिमुरडी, सगळी. ज्या आरोळीला घाबरून त्यांनी माणसे भाड्याने आणली होती, ती त्यांच्याच गळ्यातून, फुकट, आणि न शिकवता निघाली. आणि लखूला बाहेर काढायचे कसे? तो मुळातच बाहेर होता.

तुम्ही विचाराल, पाद्रीबाबा काय करत होते? त्यांच्याकडे ख्रिस्ताचे शब्द होते. कथेत त्या ठिकाणी ख्रिस्त मौन पाळतो. पाद्रीबाबांनी ते तंतोतंत पाळले.

गोंगाट निवल्यावर वाचन पुढे सुरू झाले. पात्रांवांनी तस्तात हात धुतले, स्वच्छ पंच्याने पुसले, आणि मग मुकादमाला जवळ बोलावून हलक्या आवाजात हुकूम दिला, की उद्या दुपारपर्यंत लखूची झोपडी रिकामी झाली पाहिजे.

शनिवारी सकाळी मला हातात घेऊन इनास मास्तर वस्तीतून फिरत होते. ते लखूच्या दारापाशी थांबले. गिरजा मडकी गोणपाटात बांधत होती. तिने मास्तरांकडे पाहिले नाही.

“कुठे जाणार?” मास्तरांनी विचारले.

“सुप्याकडं बघतो. तिच्या भावाकडं,” लखू म्हणाला.

“एकदा ओरडला असतास, तर काय बिघडलं असतं रे? नुसतं वाचन होतं.”

लखूने गाठोडे डोक्यावर चढवले. “मास्तर, आता तरी सांगा. त्यानं काय केलंवतं?”

मास्तर म्हणाले, “काहीच केलं नव्हतं, लखू.”

“मग बरं झालं,” लखू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर सुटका दिसली. “गिरजा, ऐकलंस का? काय बी केलं नव्हतं त्यानं.”

“ऐकलं,” गिरजा म्हणाली. “आता हळू चाल. मला धाप लागती.”

ती दोघे कुंपणाबाहेर पडून रानवाटेला लागली. मास्तर मला न वाजवता बराच वेळ उभे राहिले. मग वखारीतून पात्रांवांची हाक आली, “मास्तर, मात्राक का थांबली?” आणि मास्तरांनी मला वाजवले.

पुढच्या वर्षापासून आरोळीचा तो प्रसंग गाळून वाचू लागले. गोंगाट होतो, भक्तीत व्यत्यय येतो, असे कारण दिले. लखू आणि गिरजा सुप्याला पोहोचली का, तिचे बाळंतपण कसे झाले, हे त्या देवळात कोणी कधी बोलले नाही. म्हणून मलाही ते ठाऊक नाही. ज्यांनी विचारायला हवे होते त्यांचे पंचे स्वच्छ होते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तूची निगा राखा अशी विनवणी असते. मी ती करत नाही. मला वाळवी लागली तर लागू द्या. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि एक दिवस कोणीतरी तुम्हालाही अंगणात उभे करून खुणेवर ओरडायला सांगेल. कदाचित अंगणात नव्हे, पुढच्या बाकावर बसवून सांगेल. तेव्हा ज्याच्याविरुद्ध ओरडायचे त्याने काय केले, ते आधी विचारा. ‘ते तुला नको’ असे उत्तर आले, तर ओठ मिटून घ्या. घर जाईल, काम जाईल, पोटुशा बायकोला रान तुडवावे लागेल. हे सोपे आहे असे मी म्हटलेले नाही.

ज्यांना हे जमणार नसेल, त्यांनी निदान शास्त्र ऐकताना डोळे मिटू नयेत.