तिसरा उद्गार

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुनम लातूरहून माहेरी आली, भोकरला. उजवा हात ओढणीत बांधलेला होता आणि मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"पडले," ती म्हणाली.

केवळाबाईनं तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवली, पाणी दिलं आणि समोर बैठक मारली. "पुने, या सालात तिसऱ्यांदा पडलीस तू. तुझ्या सासरी काय फरशीला तेल लावून ठेवतेत का?"

तेव्हा पोरीचा बांध फुटला. जावई आदर्श लातूरला चर्चमध्ये पेटी वाजवायचा. गळा असा गोड, की म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याचा हात उठायचा. या खेपेला त्यानं तिचा हात चौकटीवर धरला आणि वरून दार लोटलं.

केवळाबाईनं तिला दवाखान्यात नेलं. हाड चिरलं होतं. प्लास्टर ओलं असेपर्यंत दोघी बाकड्यावर बसून राहिल्या, आणि तेवढ्या वेळात केवळाबाईला नको ते आठवत राहिलं. पहिल्या वेळी पोरगी आली तेव्हा भोकरच्या चर्चच्या आनंदराज पाळकांनी तिला समजावून परत पाठवलं होतं, "प्रत्येकाला आपला क्रूस उचलावा लागतो, बेटी." दुसऱ्या वेळी तर पाळकांची गरजच पडली नाही. बसस्टँडवर केवळाबाई स्वतःच म्हणाली होती, "सोस, माय. क्रूस समजून सोस." पोरगी मुकाट्यानं गाडीत चढली होती. शाळेत खिचडी शिजवून जिनं एकटीनं लेक वाढवली, चर्चच्या महिला मंडळाची जी अध्यक्ष, तिच्याच तोंडचे हे शब्द. आता ते तिला चाबकासारखे लागत होते.

दुपारी लातूरहून व्याही नरसिंगराव आले. सोबत आनंदराज पाळक. पाळक माणूस वाईट नव्हता. केवळाबाईचा नवरा निवृत्ती गेला तेव्हा मातीला त्यानंच खांदा दिला होता, लॉकडाऊनमध्ये घरोघरी पीठ पोचवलं होतं. म्हणून तर त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

"पोरगं तापट हाय, मी कबूल करतो," नरसिंगराव म्हणाले. "पण उद्या उत्तम शुक्रवार. त्याला पेटीवर बसायचंय. बायको चर्चमधी दिसली न्हाई तर लोकं काय म्हनतील?"

"म्हनतील, हात मोडलाय तिचा."

पाळकांनी घसा खाकरला. "केवळाबाई, तुम्हाला मी काय शिकवावं? सोसल्याशिवाय मुकुट नाही. क्रुसाचा अर्थच तो आहे."

"पाळकसाहेब, एक इचारू का? येशूला खिळे कुनी ठोकले?"

"रोमी शिपायांनी."

"ते बरूबर व्हते का?"

"छे! घोर अन्याय होता तो."

"मग माझी लेक क्रुसावर हाय असं तुमीच म्हनता, तर खिळे ठोकनाऱ्याला तुमी चर्चवाले पेटीवर कामून बसवता?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नरसिंगराव मात्र ताडकन उठले. "खिचडी शिजवनाऱ्या बाईनं आता शास्त्र शिकवायचं आमाला?" चहा तसाच ठेवून ते बाहेर पडले. पाळक उंबऱ्यावर घुटमळले. "उद्याचा तिसरा उद्गार तुम्ही घेऊ नका. तुमचं मन थाऱ्यावर नाही. शिवमूर्ती सर बोलतील."

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना चालायची. क्रुसावरून येशू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलायचे. तिसऱ्यात तो आपल्या आईची सोय लावतो, म्हणून तो उद्गार वर्षानुवर्षं महिला मंडळाकडेच होता.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून निघाल्या. पुनम प्लास्टरवर पदर ओढू लागली तर केवळाबाई म्हणाली, "झाकू नगंस. लाज त्याला वाटू दे."

चर्च भरलं होतं. दुसरा उद्गार संपला, गीत झालं. शिवमूर्ती सर कागद घेऊन उठले, पण केवळाबाई त्यांच्या आधीच मधल्या वाटेनं चालायला लागली होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, पाळकांकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि ते खाली बसले.

"मी शिकलेली न्हाई," केवळाबाई म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली. "पन आज नीट आईका. क्रुसावर टांगलेला मानूस. हातापायाला खिळे, घशाला कोरड. तशातबी त्याला खाली हुबी ऱ्हायलेली माय दिसली. तिला तो 'सोस' म्हनला का? न्हाई. शिष्याला म्हनला, ही तुजी माय. जीव चालला व्हता त्याचा, तरी आधी बाईच्या डोक्यावर छप्पर बगितलं त्यानं. आन आपन काय करून ऱ्हायलो? पोरगी हात मोडून दारात येती, आन आपन तिला म्हनतो, परत जा, ह्यो तुजा क्रूस हाय. मीबी म्हनले. देवाम्होरं कबूल करते."

"पुरे करा, बाई," मागून कुणीतरी बोललं.

"केवळाबाई, खाली बसा," पाळक हळूच म्हणाले.

"बसते. संपलं की बसते." तिनं टेबलाची कड सोडली. "त्याचा जीव कुनी हिसकून घेतला न्हाई, त्यानं आपल्या मनानं दिला. दुसऱ्याला सोडवायला दिला. माझ्या लेकीनं काय दिलं? तिचं तर हिसकून घेतलंय. ह्या दोन्हीला एकच नाव देऊ नका. नवऱ्याच्या माराला क्रूस म्हनलं, की त्या भिंतीवरच्या क्रुसाची इज्जत जाती. उपासना झाली की मी ठान्यात जानार हाय. ज्याला यायचं त्यानं यावं."

ती जागेवर येऊन बसली. पुढचे चारही उद्गार तिनं ऐकले, प्रत्येक प्रार्थनेला गुडघे टेकले. शेजारची बाई जरा सरकून बसली, तेही तिनं पाहिलं.

तीन वाजता ती बाहेर पडली तेव्हा मागं सहा बाया होत्या. सगळ्यात पुढं सत्तरीची तुळजाबाई, काठी टेकत. वाटेत ती केवळाबाईजवळ आली आणि आपल्या डाव्या कानावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या कानानं मला चाळीस साल झाले आईकू येत न्हाई. मीबी क्रूसच म्हनत आले, माय." पाळक चर्चच्या दारात उभे होते. ते आले नाहीत.

ठाण्यात पोलीसबाईनं पुनमचा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. पोरीनं मधेच थांबवलं. "'हाताला दार लागलं' न्हाई, मॅडम. 'दार लोटलं' लिवा. आन लोटनाऱ्याचं नाव लिवा." केवळाबाईनं लेकीचा हा आवाज लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. खटला उभा राहिला आणि तारखा पडत राहिल्या. चर्चच्या पंच कमिटीनं केवळाबाईचं अध्यक्षपद काढून घेतलं. पुनम नांदेडला एका दुकानात कामाला लागली. केवळाबाई दर रविवारी पहिल्याच रांगेत बसायची, आणि पाळक तिच्याशी मान हलवण्यापुरते बोलायचे.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर एका दुपारी शाळेच्या खिचडीघराच्या दाराशी एक अनोळखी बाई उभी राहिली. कडेवर लेकरू, ओठ फाटलेला. "पाळकसाहेबांनी धाडलं," ती चाचरत म्हणाली. "म्हनले, मी तुला चुकीचं सांगन. केवळाबाईकडं जा."

केवळाबाईनं खिचडीचा डाव बाजूला ठेवला आणि ते लेकरू तिच्याकडून घेतलं.

"पाळकाला सोताला यायला पाय न्हाईत का?" ती म्हणाली. "आत ये तू. आधी जेव. मंग ठान्यात निघू."