घरी कोण कोण असतं?

"मान खाली," मामा म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती.

सैनिकी अकादमीत नव्याने आलेल्या मुलांचे केस कापण्यात मामांचा जन्म गेला होता. मामा हे नाव मुलांनीच पाडलेलं. पहिल्या दिवशी पोरं भेदरलेली असत, म्हणून मशीन चालवता चालवता मामा प्रत्येकाला विचारत, "घरी कोण कोण असतं?" सांगता सांगता पोरगं सैल पडे. पुढे त्यातल्या काहींचे फोटो बाहेर हुतात्म्यांच्या भिंतीवर लागत. त्या भिंतीसमोरून जाताना मामा चपलांकडे बघत चालत.

मुलगी झाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. अकादमीत मुलींना घेतच नसत. आपली या भिंतीपासून सुटका झाली, असं त्यांनी धरूनच ठेवलं. आणि यंदा नियम बदलला. पोरगी धावण्याच्या चाचणीत मागे पडावी म्हणून हा बाप देव पाण्यात घालून बसला, तर बाईसाहेब सगळ्यांच्या पुढे. देवही कुणाकुणाचं ऐकणार म्हणा.

"मुलींना केस ठेवता येतात," मामा हळूच म्हणाले. "घट्ट बांधले की झालं."

"हेल्मेट नीट बसत नाही, मामा."

मामा! मागे रांग होती, दारात कवायत घेणारा उस्ताद उभा होता. दुसरं काय म्हणणार ती? त्यांनी मशीन तिच्या मानेला टेकवलं आणि लगेच उचललं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून नेहमीचंच तोंडातून निघून गेलं.

"घरी कोण कोण असतं?"

"आई असते. आणि बाबा. आई धीट आहे. बाबांचं काही खरं नाही, धड जेवतसुद्धा नाहीत."

"बापाला भीती वाटणारच, बाळा."

"मलाही वाटते," ती मान न हलवता पुटपुटली. "पण त्यांना सांगू नका."

"नाही सांगत," मामा म्हणाले, आणि मशीन चालू केलं.

काम झाल्यावर ती उठली, ताठ उभी राहिली आणि मागे न बघता बाहेर गेली. थोड्या वेळाने तिची तुकडी टोप्या घालून मैदानाकडे निघाली. मामा खिडकीशी गेले. माणूस पाठमोरा ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. पण टोप्यांखाली सगळ्या माना सारख्याच, नुकत्या भादरलेल्या, पांढुरक्या. त्यातली आपली कोणती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"मामा, बसू का?" पुढच्या तुकडीतला एक मुलगा विचारत होता.

मामांनी खुर्ची झटकली. "बस. मान खाली घाल."

त्याच्या घरी कोण कोण असतं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.